चाव्यांची खाज: काय लावायचं ते नंतर, आधी चावतंय काय ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गेले दोन-तीन आठवडे तुमच्या आणि तुमच्या सहा वर्षांच्या मुलीच्या अंगावर खाजऱ्या गांधी उठतायत, रात्री आणि पहाटे जास्त. घरात डास आहेत, म्हणून डासच असणार असं तुम्ही धरून चालला आहात. पण त्याच पलंगावर झोपणाऱ्या तुमच्या पतीला मात्र काहीच होत नाही. टूथपेस्ट, लिंबू, लसूण लावून झालं, आणि लसूण लावला तिथे तुमच्या हाताची कातडी सोलवटली. मुलीच्या पोटरीवरच्या एका चाव्यावर पिवळसर खपली धरली आहे आणि तिची कड ओलसर आहे. तुम्हाला 'केमिकल नसलेला' घरगुती उपाय हवाय, खाजेवरही आणि पुन्हा चावू नये म्हणूनही.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, आणि अशा तक्रारी घेऊन येणारी माणसं रोजची आहेत. तुम्ही विचारलेला क्रम थोडा बदलून उत्तर देते, कारण त्या पोटरीवरच्या खपलीला थांबायला वेळ नाही.

मधाच्या रंगाची खपली, खालून लस येणं, कडेला नवे छोटे फोड, ही जंतुसंसर्गाची लक्षणं आहेत. चावा साधाच असतो. खाजवताना नखाने कातडी फाटते आणि त्वचेवर, नाकात, नखांत मुळातच वस्तीला असणारे जंतू आत शिरतात. लहान मुलांत हे फार झपाट्याने पसरतं, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर आणि एका मुलाकडून दुसऱ्याकडे. यावर घरगुती उपाय नाही. साबण आणि साध्या पाण्याने धुवा, कोरडं करून स्वच्छ पट्टीने झाका, तिचा टॉवेल वेगळा ठेवा आणि एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा अँटिबायोटिक मलमावर भागतं, जास्त ठिकाणी असेल तर पोटातून औषध लागतं. तोवर बॉलपेनने लालीच्या कडेने एक रेघ मारून ठेवा. काही तासांत लाली रेघेच्या बाहेर सरकली, जागा गरम लागली, दुखायला लागली किंवा ताप आला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता मूळ मुद्दा. तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत: चावतंय काय, आत्ताची खाज कशी शमवायची, आणि पुढचे चावे कसे थांबवायचे. माझ्याकडे येणारे जवळजवळ सगळेच फक्त मधला प्रश्न विचारतात. "काहीतरी लावायला द्या." मी देतेही. पण रोज रात्री नवे चावे पडत असतील, तर जगातलं कुठलंही मलम फक्त कालच्या चाव्यांना पुरतं.

खाज येते कुठून, हे समजलं की उपायांची अर्धी गल्लत आपोआप मिटते. डासाची मादी रक्त पिताना तिची लाळ त्वचेत सोडते. रक्त गोठू नये म्हणून त्या लाळेत काही प्रथिनं असतात. आपलं शरीर त्या प्रथिनांना परकं मानतं आणि त्वचेतल्या काही पेशी हिस्टामिन नावाचं द्रव्य सोडतात. त्याने केशिकांतून, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्यांतून, पाणी झिरपून गांधी उठते आणि तिथल्या मज्जातंतूंना खाज सुटते. म्हणजे खाज ही आपल्याच शरीराची प्रतिक्रिया आहे. त्वचेत काही विष साठलेलं नसतं, त्यामुळे ते 'ओढून काढणारा' कुठलाही लेप असू शकत नाही.

ही प्रतिक्रिया दोन टप्प्यांत येते. चावल्यावर काही मिनिटांत फिकट, फुगीर गांधी उठते आणि साधारण तासाभरात आपली आपण बसते. मग दुसऱ्या दिवशी त्याच जागी लालसर, कडक, खूप खाजणारी पुळी येते आणि ती काही दिवस, कधी आठवडाभर, ठाण मांडून बसते. घरगुती उपायांचं निम्मं नाव या पहिल्या टप्प्याने राखलंय. गांधी तासाभरात जाणारच होती. त्या तासात जे चोळलं त्याला श्रेय मिळालं. तोच उपाय दुसऱ्या दिवशीच्या कडक पुळीवर लावून बघा, मग त्याची खरी किंमत कळते.

तुमच्या पतीचं कोडंही इथेच सुटतं. लाळेला शरीर किती चिडतं, हे माणसागणिक बदलतं. आयुष्यातले पहिले चावे बऱ्याचदा काहीच दाखवत नाहीत, मग उशिरा येणाऱ्या पुळ्या सुरू होतात, मग गांधी आणि पुळ्या दोन्ही, आणि वर्षानुवर्षं चावून घेतलेल्या काही मोठ्या माणसांत सगळंच थंडावतं. त्यांना चावत नाही असं नाही, चावलेलं दिसत नाही. मुलीचं याच्या उलट आहे. साधारण २ ते १० वर्षांच्या मुलांत शरीर इतकं तयारीत असतं की एक नवा चावा पडला की आठवड्यापूर्वीचे जुने चावेही पुन्हा फुलून खाजायला लागतात. आई घाबरून सांगते, "एका रात्रीत वीस ठिकाणी चावलं." नवे चावे कदाचित दोनच असतात. म्हणून अंगावरच्या पुळ्या मोजून घरात किती किडे आहेत याचा अंदाज बांधू नका, आणि 'एकालाच होतंय' यावरून किडा नाहीच असंही ठरवू नका.

मग चावतंय काय? इथे बसून, पुळी न बघता, मी नक्की सांगू शकत नाही. खरं सांगायचं तर बघूनही दर वेळी सांगता येत नाही, कारण वेगवेगळ्या किड्यांच्या चाव्यांच्या पुळ्या सारख्याच दिसतात. पण जागा, वेळ आणि मांडणी बरंच बोलतात.

डासांचे चावे उघड्या भागावर, विखुरलेले असतात, आणि पहिली गांधी तुमच्या देखत उठते. पिसवांचे चावे घोटे आणि पोटऱ्यांवर, गुडघ्याखाली, पुंजक्याने. घरात कुत्रा-मांजर असेल किंवा नुकतंच येऊन गेलं असेल तर आधी ही शंका. ढेकणांचे चावे सकाळी उठल्यावर दिसतात, झोपेत उघड्या राहिलेल्या हात, मान, खांद्यावर, आणि कधी एका ओळीत तीन-चार. ओळ नसली तरी ढेकूण नाही असं म्हणता येत नाही. आणखी एक चकवा असा की ढेकणाच्या चाव्याची पुळी कधी कधी बऱ्याच दिवसांनी, दोन आठवड्यांपर्यंतही, उशिरा येते. त्यामुळे लोक आज जिथे झोपले तिथे शोधतात आणि ढेकूण मागच्या आठवड्यातल्या प्रवासातून आलेला असतो.

काही वेळा चावणारा कोणी नसतोच. खरूज असेल तर बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कंबरेभोवती खाज, रात्री जास्त, आणि हळूहळू घरातल्या दुसऱ्या माणसालाही. पहिल्यांदा होत असेल तर लागण झाल्यापासून खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे जातात. तिला औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी घ्यावं लागतं. अंगावर पित्त उठलं असेल तर पुन्हा बॉलपेन काढा: एका गांधीभोवती गोल करा आणि २४ तासांनी बघा. पित्ताची गांधी तिथून गेलेली असते आणि दुसरीकडे उठलेली असते. चाव्याची पुळी त्याच गोलात बसलेली सापडते. आणि सकाळी उठल्यावर भाजल्यासारखी लांबट लाल रेघ दिसली, खाजेपेक्षा आग जास्त, तर दिव्याकडे येणारा एक बारीक काळा-नारिंगी भुंगेरा अंगावर चिरडला गेलेला असतो. तो चावत नाही. त्याच्या अंगातला द्रव कातडी जाळतो. असा किडा अंगावर दिसला तर चिरडू नका, फुंकर मारून उडवा आणि जागा साबणाने धुवा.

तुमचं वर्णन, म्हणजे रात्री-पहाटेचा जोर, आठवडे चालू असणं आणि पलंगावरच्या तिघांपैकी दोघांना होणं, हे डासांशी जुळतं तसंच ढेकणांशीही जुळतं. त्यामुळे मलमाच्या आधी गादी तपासा. चादर काढा आणि टॉर्च घेऊन गादीच्या चारही कडांची शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणून उघडत पुढे सरका. शिवणीची घडी, लेबलच्या खालची बाजू, पलंगाच्या डोक्याकडची फळी, तिची स्क्रूची भोकं, फळी आणि भिंतीमधली फट. मोठा ढेकूण ५ ते ७ मिलिमीटर, चपटा आणि तपकिरी असतो, पण बहुतेकदा तो दिसत नाही, त्याच्या खुणा दिसतात: शाईचे टिपके पडावेत तसे काळे ठिपके, जे ओल्या कापडाने पुसले की तांबूस फराटा उमटतो, पारदर्शक, रिकाम्या साली, आणि साधारण मिलिमीटरभर लांब पांढरट अंडी. चादरीवर रक्ताचे बारीक डाग असतील तर तेही. यातलं काही सापडलं तर लाज वाटून घेऊ नका. ढेकूण अस्वच्छतेमुळे येत नाहीत, सामानातून येतात, आणि त्यांच्यापासून माणसाला रोग होत असल्याचं सिद्ध झालेलं नाही. झोप उडवतात, एवढा त्यांचा अपराध पुरेसा आहे.

इथवरचं थोडक्यात: खपली डॉक्टरांना दाखवा, गादी उलटीपालटी करून बघा, आणि पतीच्या कोऱ्या अंगावरून निष्कर्ष काढू नका. आता खाजेकडे येऊ.

एकच उपाय निवडायचा झाला तर मी थंडावा निवडीन. बर्फ रुमालात गुंडाळून किंवा थंड पाण्याची घडी पाच ते दहा मिनिटं. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, गांधी कमी फुगते आणि खाजेचा निरोप नेणारे मज्जातंतू मंदावतात. परिणाम तात्पुरता आहे, पण खाज अनावर होते ती वेळही तात्पुरतीच असते. बर्फ थेट कातडीवर धरू नका, मुलांच्या तर नाहीच. रात्रीसाठी पलंगाशेजारी थंड पाण्याची वाटी आणि सुती रुमाल ठेवला तर अर्ध्या झोपेत नखं लावण्याऐवजी हात तिकडे जातो.

थंडीच्या उलट, नेमकी उष्णताही खाज मारते. साधारण ५० अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता काही सेकंद चाव्यावर टेकवणारी छोटी उपकरणं मिळतात आणि मोठ्यांमध्ये त्यांचा उपयोग होतो. मात्र गरम चमचा किंवा गरम पाण्याचा पेला हा त्याचा घरगुती अवतार मला अजिबात पसंत नाही. चमच्याचं तापमान तुम्हाला कळत नाही आणि खाजेने वैतागलेला माणूस सहन होईल त्याच्या पुढे जातो. असे भाजलेले गोल डाग मी पाहिलेत. मुलीवर हा प्रयोग करू नका.

खाण्याच्या सोड्याची पेस्ट बऱ्याच जणांना बरी वाटते: चमचाभर सोडा, घट्ट लेप होईल इतकंच पाणी, दहा मिनिटं ठेवून धुवायचं. फार भक्कम पुरावा याच्यामागे नाही, पण न फुटलेल्या कातडीवर एखाद-दुसऱ्या वेळी अपायही नाही. रोज, दिवसातून चार वेळा लावाल तर त्वचा कोरडी पडेल, कारण आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि सोडा अल्कधर्मी. आणि कोरडी त्वचा स्वतःच खाजते. अंगभर पुळ्या असतील तर मला सोड्यापेक्षा ओट्स आवडतात. साधे ओट्स मिक्सरमध्ये पिठासारखे बारीक करा. चमचाभर पीठ पेलाभर पाण्यात टाकून पाणी दुधाळ झालं तर पुरेसं बारीक झालं. ते कोमट पाण्यात कालवून मुलीला दहा-पंधरा मिनिटं त्यात बसवा, मग हलकं टिपून घ्या, चोळू नका. पाणी कोमटच हवं. गरम पाण्याने त्या क्षणी बरं वाटतं आणि नंतर खाज दुप्पट होते.

कोरफड थंडाव्यापुरती चांगली. ताजं पान कापल्यावर सालीलगत जो पिवळा चीक येतो तो आधी निथळू द्या, कारण खाज वाढवणारा तोच असतो. आतला पारदर्शक गर तेवढा लावा. कॅलामाइन लोशन हा जुना, साधा आणि आजही चालणारा उपाय: वाळताना थंड करतं आणि त्यात झिंक असतं. ओल्या, लस येणाऱ्या जागेवर मात्र त्याचे थर चढवू नका.

आता तुम्ही लावून बघितलेल्या गोष्टी. टूथपेस्टने गार वाटतं ते मेंथॉलमुळे, पण तिच्यातला फेस आणणारा घटक आणि सुगंध ओरबाडलेल्या कातडीला झोंबतात. लिंबाच्या रसात अशी द्रव्यं असतात की तो अंगावर असताना ऊन लागलं तर फोड येतात आणि महिनोन्‌महिने टिकणारे काळपट चट्टे उरतात. लसणाचं तर तुम्ही स्वतःच बघितलंत. वाटलेला कच्चा लसूण पट्टीखाली बांधून ठेवला की कातडी अक्षरशः भाजते, म्हणजे आगीतून फुफाट्यात. 'केमिकल नको' म्हणता तेव्हा हे जरूर लक्षात घ्या की हातावर झालेली ती भाजही केमिकलचीच आहे, फक्त ते लसणात तयार झालेलं होतं. सुगंधी तेलांबद्दलही तेच: टी ट्री तेल जुनं झालं, हवा लागली की त्याची ॲलर्जी येण्याची शक्यता वाढते, आणि थेट, न मिसळता तर ते लावूच नये. कापराच्या वड्या किंवा कापूर मिसळलेलं तेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका; थोडासा कापूर पोटात गेला तरी मुलाला झटके येऊ शकतात.

दोन साध्या गोष्टी कुणी उपायांत मोजत नाही आणि माझ्या मते त्यांचंच काम सगळ्यात मोठं आहे. एक, मुलीची नखं अगदी बुडापर्यंत कापा आणि कड घासून गुळगुळीत करा. दोन, जो चावा ती सारखा खाजवते तो साध्या चिकटपट्टीने झाकून टाका. पट्टीत औषध काही नसतं, पण नख आणि पुळी यांच्यात अडसर असतो, आणि खाजवणं थांबलं की पुळी दोन-तीन दिवसांत मवाळ होते. खाजवल्याने त्वचेत आणखी हिस्टामिन सुटतं, म्हणून 'एकदाच खाजवते' असं कधी होत नाही. तळव्याने दाबणं किंवा थोपटणं शिकवा. सहा वर्षांचं मूल हे खेळासारखं शिकतं.

एवढ्याने रात्रीची झोप मिळत नसेल तर औषधांना नाही म्हणू नका. १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन (सौम्य स्टेरॉइड) मलम, दिवसातून दोनदा, पातळ थर, फक्त पुळीवर, जास्तीत जास्त आठवडाभर. संसर्ग झालेल्या पोटरीवर नाही. घरात पडलेली दुसऱ्या कुणाची जुनी ट्यूब तर नाहीच, कारण तिच्यात किती तीव्र स्टेरॉइड आहे ते तुम्हाला माहीत नसतं. पोटातून घ्यायच्या सेटिरिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळीचा डासांच्या चाव्यांवर चांगला उपयोग होतो; मुलीचा डोस वय-वजनानुसार डॉक्टर ठरवतील. ॲलर्जीविरोधी मलमं मात्र मी टाळते, कारण ती चोळून चोळून त्यांचीच ॲलर्जी येते.

राहिला तिसरा प्रश्न. तो चावणारा कोण यावर अवलंबून आहे.

डास असतील तर रात्रीसाठी मच्छरदाणीला पर्याय नाही. ती गादीखाली खोचलेली हवी आणि झोपताना हात तिला टेकता कामा नये. जाळीला चिकटलेल्या कोपरावर डास बाहेरून बसून चावतो. पंखा हा दुसरा, आणि त्याचं महत्त्व लोक कमी लेखतात. डास उडण्यात कमजोर असतात, शिवाय आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाचा वास यांच्या मागावर ते येतात. वाऱ्याचा झोत दोन्ही विखरून टाकतो. पायांच्या दिशेने लावलेला टेबलफॅन छतावरच्या पंख्यापेक्षा चांगलं काम करतो, कारण बरेच डास खालच्या अंगाने येतात.

डास घरातच पैदा होत असतील तर आठवड्यातून एक दिवस पाण्याचा ठेवा. अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याच्या आत पाणी ओतलं तर साखळी तुटते. कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजमागचा ट्रे, कूलर, वापरात नसलेल्या संडासाचं भांडं. नुसतं ओतू नका, कडा घासा. दिवसा चावणारा एडिस डास, ज्याच्यामुळे डेंग्यू होतो, तो पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवतो, आणि ती कोरडी राहूनही काही महिने तग धरतात. पाणी भरलं की पुन्हा चालू. तो दिवसा चावत असल्यामुळे मच्छरदाणी त्याच्यावर अर्धीच पुरते. पूर्ण बाह्यांचे, सैल, फिक्या रंगाचे कपडे आणि उघड्या अंगाला लावायचं रिपेलंट, म्हणजे डासांना दूर ठेवणारं औषध, लागतं.

रिपेलंटबद्दल तुमचा नैसर्गिकचा आग्रह मला समजतो, म्हणून सरळ सांगते. सिट्रोनेला आणि तत्सम तेलं काम करतात, पण बहुधा तासाभराच्या आत उडून जातात. मनगटी पट्टे फार तर मनगटापुरते. आवाज करणारी यंत्रं, बी जीवनसत्त्वाच्या गोळ्या, लसूण खाणं, यांनी डास हटत नाहीत. टिकाऊ काम करतात ते डीट, पिकारिडिन, आयआर३५३५ आणि लेमन युकॅलिप्टसपासून काढलेलं पीएमडी. शेवटचं वनस्पतीपासून आलेलं आहे, तुम्हाला ते पटेल. पण तीन वर्षांखालच्या मुलांना ते लावत नाहीत, तुमच्या मुलीला चालेल. डीट १९४० च्या दशकात अमेरिकी सैन्यासाठी शोधलं गेलं आणि १९५७ पासून सर्वसामान्यांच्या वापरात आहे, म्हणजे त्याच्याइतका दीर्घ अनुभव दुसऱ्या कुठल्याच रिपेलंटचा नाही. टक्केवारी ताकद सांगत नाही, वेळ सांगते: १० टक्के साधारण दोन तास, ३० टक्के साधारण पाच तास. मुलांसाठी ३० च्या वर जाऊ नका आणि दोन महिन्यांखालच्या बाळाला काहीच लावू नका, त्याला जाळी. मुलीला लावताना आधी स्वतःच्या तळहातावर घ्या, मग तिच्या अंगाला. तिच्या हातांना, डोळ्या-तोंडाजवळ आणि खाजवलेल्या जागांवर नको. सनस्क्रीन लावायचं असेल तर ते आधी, रिपेलंट वर. घरी आल्यावर धुऊन टाका.

ढेकूण सापडले तर रिपेलंटचा उपयोग नाही. चादरी, अभ्रे, कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवा किंवा ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर अर्धा तास फिरवा. धुता येत नाही ते पिशवीत बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस. शिवणी आणि फटी व्हॅक्यूमने ओढा आणि पिशवी लगेच घराबाहेर टाका. पलंग भिंतीपासून सरकवा. खोली बदलून झोपू नका, ढेकूण मागोमाग येतात आणि मग दोन खोल्या होतात. अन्नावाचून ते कित्येक महिने जगतात, त्यामुळे 'खोली बंद ठेवू, मरतील' हेही होत नाही. नेहमीच्या फवाऱ्यांना त्यांच्यातले बरेचसे आता दाद देत नाहीत. पसारा मोठा असेल तर माहीतगार कीटकनियंत्रकाला बोलवा आणि दुसरी फेरी आधीच ठरवून घ्या, कारण अंडी पहिल्या फेरीतून सुटतात. पिसवा असतील तर प्राण्यावर पशुवैद्याकडून उपचार, त्याचं अंथरूण गरम पाण्यात, आणि दोन-तीन आठवडे रोज व्हॅक्यूम. कुत्र्यासाठीचं पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मांजराला कधीही लावू नका. मांजरांना ते विषारी आहे.

काही प्रसंगांत वरचं सगळं बाजूला ठेवायचं. मधमाशी, गांधीलमाशी किंवा मुंगी डसल्यावर अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणं, घसा आवळणं, धाप, उलट्या किंवा चक्कर आली तर घरगुती काही न करता ताबडतोब आपत्कालीन मदत घ्या. मधमाशीचा काटा कातडीत राहतो. तो नखाने का होईना, पण लगेच काढा, कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला ते महत्त्वाचं. गोचीड चिकटली असेल तर तेल, काडी, चटके नकोत. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा आणि पुढचे काही आठवडे ताप किंवा पसरणारा लाल चट्टा येतो का ते बघा. डासांच्या दिवसांत जोराचा ताप आला तर तपासणी होईपर्यंत पॅरासिटामॉलवर थांबा. डेंग्यू असेल तर ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

शेवटी डागांचं, कारण ते तुम्ही विचारलं नसलं तरी महिन्याभराने विचाराल. सावळ्या त्वचेवर चावे बरे झाले की काळपट ठिपके राहतात. ते व्रण नव्हेत, दाहामुळे त्वचेत उतरलेला रंग आहे. तुम्ही त्या जागांना सनस्क्रीन लावत राहिलात तर गडद होणार नाहीत. मुलीला डाग घालवायची क्रीम लावू नका. चावे आणि खाजवणं थांबलं की ठिपके आपोआप फिके होतात, हातांवरचे आधी, पायांवरचे सगळ्यात उशिरा, आणि त्याला काही महिने लागतात.